लाल कापड, काळं कापड

समुद्रकाठच्या सॉल्टपॉन्ड गावात शिक्का बाळगणारी माणसं थोडीच. पोस्टात एक शिक्का होता, पण तो पोस्टाचा. मेथडिस्ट चर्चमध्ये एक होता, पण तो देवाच्या कामाचा. लग्न आणि बाप्तिस्मा सोडून दुसरीकडे उमटत नसे. स्वतःच्या नावाचा, गोल, कडेकडेने अक्षरं फिरलेला शिक्का गावात एकट्या हेझेकाया बॉन्झींकडे होता. जमीनमोजणी खात्यातून ते निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांची दुर्बीण परत घेतली, तिपाई घेतली, उन्हाची टोपीसुद्धा मागून घेतली. शिक्का मागायला मात्र विसरलं. तेव्हापासून तो कपाटात, बायकोच्या ठेवणीतल्या कापडांखाली, एका जुन्या पायमोज्यात निजून होता. निजलेलाच राहता तर किती बरं झालं असतं.

त्यांना गाव ‘सर्वेअर’ म्हणे. बायको एफुआही सर्वेअरच म्हणे, फक्त तिच्या तोंडून ते ‘भात करपलाय’ असं म्हटल्यासारखं वाटे.

त्या दिवशी उन्हं कलताना कोच बेंत्सिल आले. बसले. त्यांना पाणी दिलं, ते प्यायले, घरची खुशाली झाली, बोकडांची खुशाली झाली, आणि मग रीतीप्रमाणे सर्वेअरांनी विचारलं, “आमच्याकडे सगळं शांत आहे, कोच. तुम्ही काय निरोप घेऊन आलात?”

निरोप असा होता. राजधानीच्या, अक्राच्या वाटेवर एक फुटबॉल अकादमी आहे, तिने मुलींचा नवा वर्ग काढलाय. राहणं, जेवण, शाळा, बूट, सगळं त्यांचं. कोचच्या ‘सार्डिन सिस्टर्स’ संघाला त्यात एक जागा. एकच. आणि अकादमीचं म्हणणं, की मुलीची नजर आणि मैदानातल्या जागेची जाण एखाद्या जाणकाराने तपासून, गुण देऊन, शिक्क्यानिशी कळवावी.

“नजर तपासायची तर औषधवाल्या एजिरकडे जा ना.”

“तशी नजर नव्हे, सर्वेअर. चेंडू पायाशी यायच्या आधी पोरगी मान वळवून बघते का? मागं कोण आहे, मोकळी जागा कुठं आहे, हे तिला आधीच ठाऊक असतं का? ती नजर. जागेचं तुमच्याइतकं कळतं कुणाला? शिवाय…”

“शिवाय काय?”

“शिवाय शिक्का तुमच्याकडे आहे.”

मुली दोन होत्या. एसाबा आणि पेशन्स. एसाबाची आई केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले उंडे विकायची, पेशन्सची आई तळलेली मासळी. कोचने कपाळ चोळलं. “एसाबाला पाठवलं तर मला मासळी बंद. पेशन्सला पाठवलं तर केंके बंद. नुसत्या मासळीवर किंवा नुसत्या केंकेवर माणूस किती दिवस काढेल, सांगा बरं! तुम्ही निवडलंत म्हणजे दोघींना बोलायला तुम्ही.”

“सर्वेअर,” आतून एफुआचा आवाज आला, “नाही म्हणा.”

सर्वेअर हो म्हणाले.

खरं तर तपासणीची गरजच नव्हती. मैदान त्यांच्या ओसरीसमोर होतं आणि दोन वर्षं ते रोज संध्याकाळी ओसरीत बसून एसाबाला पाहत होते. चेंडू दूर असतानाच ती हनुवटी खांद्यावर टेकवी, इकडून एकदा, तिकडून एकदा, दाणे टिपताना चिमणी मान फिरवते तशी. मग चेंडू येई आणि ती तो भलत्याच ठिकाणी, जिथे कोणी नाही तिथे सोडून देई. आणि तिथे कोणीतरी पोचलेलं असे. “एफुआ,” ते म्हणत, “या पोरीच्या वेण्यांत तिसरा डोळा आहे बघ.” एसाबाला अकादमी मिळाली नाही तर पुढं काय, तेही त्यांना ठाऊक होतं. शाळेचं शेवटचं वर्ष संपलं की तिची आई तिला मँकेसिमच्या बाजारात, मावशीच्या टोमॅटोच्या दुकानावर बसवणार होती. आईने हे काही लपवून ठेवलं नव्हतं.

पण डोळ्यांनी पाहिलं म्हणून शिक्का मारायचा, हे मोजणी खात्याच्या माणसाला शोभतं का? उद्या कोणी विचारलं, आकडा कुठाय, तर काय सांगणार? चिमणी?

म्हणून त्यांनी आखणी केली. मोठ्या कागदावर, तीन रंगांच्या शाईत. एक गोल. गोलावर सहा माणसं. मधे मुलगी. कोच तिच्याकडे चेंडू सोडणार. तो वाटेत असताना सहातला एकजण लाल फडकं वर करणार आणि बाकीचे काळं. मुलीने चेंडू पोचायच्या आत मान वळवून लाल हुडकायचं, ज्याच्या हातात लाल त्याचं नाव मोठ्याने पुकारायचं, आणि मग चेंडू त्याच्याकडे द्यायचा. बाजूला स्टुलावर बसून सर्वेअर नावं ऐकणार आणि खुणा करणार. चेंडूकडे पाहिलं तर कागद चुकतो आणि कागदाकडे पाहिलं तर चेंडू चुकतो, तेव्हा काम कानांनी करायचं, असं त्यांनी ठरवलं. नजरेची परीक्षा कानांनी घ्यायची यात काही वावगं आहे, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

गोलावर उभं राहायला गावातली तरणी पोरं येणार होती. हे ध्यानात ठेवा.

मग मैदान मिळवायचं आलं. मैदान रोज डोळ्यांसमोर मोकळं दिसे, पण मागायला गेल्यावर ते कधीच मोकळं नसतं. शनिवारी मयताचे मांडव. रविवारी तीन चर्च, तिघांचे कर्णे तीन दिशांना. सोमवारी शाळेची कवायत. मंगळवारी समुद्र विसावा घेतो, कोणी होडी लोटत नाही, त्यामुळे सगळ्या गावाची जाळी दुरुस्तीला मैदानभर पसरलेली. गुरुवारसाठी पंचायतीच्या कारकुनाकडे अर्ज करायचा, तर तो म्हणाला, “गुरुवारचा अर्ज आधीच्या गुरुवारी द्यायचा असतो, सर्वेअर. तुम्ही सरकारातले, तुम्हाला मी काय सांगावं!” शुक्रवारी तो कारकूनच नसतो. राहिला बुधवार.

बुधवारी तरणी पोरं समुद्रावर असतात.

“मग म्हाताऱ्यांना उभं करा,” शेजारची शिंपीण आन्टी मॅन्सा म्हणाली. “आम्ही काय मेलोय? मी उभी राहते. टीचर ओटूंना बोलवा, रिकामेच असतात. आणि पुठ्ठे नकोत, खारट वाऱ्यात वळतात. माझ्याकडे लाल आणि काळ्या कापडाचे तुकडे ढीगभर पडलेत.”

पडणारच. गावात मयतं बरीच, आणि मयताला जाताना घालायचे कपडे आन्टी मॅन्साच शिवायची, लाल नि काळे. सर्वेअरांना त्यात फक्त रंग दिसले.

माणसं बदलली तसे नियमही बदलायला हवे होते. पण आखणी झाली होती, तीन रंगांच्या शाईत. बॉन्झींनी जन्मात एकदा आखलेली रेघ हलवली नव्हती. एकदा तर त्यांच्या रेघेसाठी एका माणसाला संडास हलवावा लागला होता.

बुधवारी दुपारी सहा वडीलधारी माणसं हातात लाल-काळी फडकी घेऊन मैदानात गोल करून उभी राहिली. रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकली. हात डोक्यावर ठेवून तिने विचारलं, “अगं बाई, कोण गेलं?”

“कोणी नाही,” सर्वेअर म्हणाले, “नजर तपासतोय.”

“नजर लागून गेलं?” म्हणत तिने सूर धरला. थोड्या वेळात मांडववाल्याने आपणहून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून लावल्या, त्या भरल्याही, आणि पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मयताच्या खर्चाला मदतीचं पाकीट कुणाकडे द्यायचं म्हणून चौकशी केली. इतक्या मोठ्या जमावापुढे सर्वेअर त्यांच्या निरोपसमारंभातही बोलले नव्हते. त्यांनी सगळ्यांना शांत केलं, तर लोक अदबीने जास्तच शांत झाले.

इकडे टीचर ओटू अडून बसले होते. “उजव्या हातात लाल, डाव्यात काळं, असं तुम्ही म्हणता. म्हणजे मी डावा हात उगारून लेकरांना दाखवू? चाळीस वर्षं शिकवलं मी या गावाला. एकाही पोराने माझा डावा हात वर झालेला पाहिला नाही, आणि आता मरताना दाखवू?”

“मरू नका, टीचर. दोन्ही उजव्या हातात धरा.”

मग सहाहीजणांनी दोन्ही फडकी उजव्या हातात धरली आणि ती एकमेकांत गुंतली.

पेशन्स आधी आली. तिचं नाव ठेवताना आईबापांनी देवाकडे काहीतरी मागितलं असावं, ते मिळालं नव्हतं. चेंडू सुटला, पोरीने गर्रकन मान फिरवली आणि ओरडली, “ओटू!”

खुर्च्यांमधून एक लांब ‘आऽऽ’ उमटला. टीचर ओटूंच्या हातातलं फडकं खाली आलं. ज्या नावाआधी हेडमास्तरही ‘टीचर’ लावत, ते नाव उघडंबोडकं मैदानावरून गेलं होतं.

“मॅन्सा!” पेशन्स पुढच्या चेंडूला ओरडली. “एजिर! पुन्हा ओटू!”

“सर्वेअर,” आन्टी मॅन्सा तिथूनच म्हणाली, “ही पोरगी माझ्या बारशाला होती वाटतं?”

सर्वेअर खुणा करत होते. नाव बरोबर, नाव बरोबर, नाव बरोबर. चेंडू दोनदा भलतीकडे गेला आणि एकदा शोकाकुल मंडळींमध्ये. पण चेंडू कागदावर नव्हता.

मग एसाबा आली. गोलात पाऊल टाकायच्या आधी ती थांबली, आणि उजवीकडच्या पहिल्या माणसापासून सुरू करून एकेकासमोर गुडघा लववत, “गुड आफ्टरनून, नाना. गुड आफ्टरनून, टीचर. गुड आफ्टरनून, आन्टी,” करत पूर्ण गोल फिरली. खुर्च्यांवरची माणसं माना डोलवू लागली. एक आजी म्हणाली, “हिला आईने वाढवलंय.”

कोचने पहिला चेंडू सोडला. एसाबाने हनुवटी खांद्याला टेकवली, आणि नेमके टीचर ओटू तिच्याकडे पाहत होते. वडीलधाऱ्याशी डोळे भिडले की काय करायचं, ते तिच्या अंगात भिनलेलं होतं. तिचा गुडघा लवला. चेंडू शेजारून निघून गेला.

“पुन्हा!” सर्वेअर ओरडले. “एसाबा, नाव घे! लाल कुणाकडे, त्याचं नाव!”

एसाबाने त्यांच्याकडे पाहिलं. अंगावरचा झगा काढून दे असं कुणी भर रस्त्यात सांगावं, तसं ते पाहणं होतं. “नाना,” ती हळू म्हणाली, “नाव?”

“नाव!”

दुसऱ्या चेंडूला आन्टी मॅन्साने विचारलं, “आईचा पाय कसा आहे गं?” विचारल्यावर उत्तर द्यायलाच हवं; एसाबाने दिलं. “बरा आहे, आन्टी, देवाची कृपा.” सर्वेअरांनी आन्टी मॅन्साला गप्प बसायला सांगितलं. आन्टी मॅन्साने सर्वेअरांना, त्यांच्या लग्नाचा सूट कुणी उधारीवर शिवून दिला होता, ते खुर्च्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

त्यानंतर एसाबाने जणू मनाशी काही ठरवलं. नाव घेता येत नव्हतं आणि मोठ्यांकडे टक लावून पाहताही येत नव्हतं. तिने पापण्या खाली टाकल्या. चेंडू यायच्या आधी हनुवटी जराशी इकडे, जराशी तिकडे, अंगावरची माशी झटकावी इतकीच. तोंडातून एक शब्द नाही. चेंडू आला की पायाने तो सोडून द्यायचा आणि पुन्हा मान खाली.

सर्वेअरांच्या कानांना काही ऐकू आलं नाही. एकामागून एक शून्यं पडत गेली. प्रत्येक शून्य काढताना त्यांचा हात थोडा जड झाला, हे खरं. पण आखणी म्हणजे आखणी.

“संपलं का?” टीचर ओटूंनी विचारलं. “सर्वेअर, तक्रार आहे. ही पोरगी चेंडू माझ्याच पायाशी आणून बसवते. दर वेळी मी लाल वर केलं की आला चेंडू, मांजरासारखा, माझ्या कुरूपाला चिकटून बसला.”

“माझ्याही चपलेला लागून थांबला,” आन्टी मॅन्सा म्हणाली. “बिचारीला जोर नाही पायात.”

‘जोर कमी’, सर्वेअरांनी समासात लिहिलं.

त्यांनी पायमोज्यातून शिक्का काढला, फुंकर मारली, आणि पेशन्सच्या नावापुढे उठवला. छान उमटला, गोल, एकही अक्षर न फिसकटता. कोच बेंत्सिल तो कागद बराच वेळ पाहत होते.

“नक्की ना, सर्वेअर?”

“मोजलंय मी,” सर्वेअर म्हणाले.

एफुआने रात्रीचं ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि ती उभीच राहिली.

“मी ओसरीतून बघत होते,” ती म्हणाली. “एकच विचारते. त्या पोरीचा एक तरी चेंडू काळ्याकडे गेला का?”

सर्वेअरांनी केंकेचा घास मोडला. तो घास हातातच राहिला. टीचर ओटूंचं कुरूप. आन्टी मॅन्साची चप्पल. लाल वर झालं की आला चेंडू, मांजरासारखा. गावातल्या दोन माणसांनी त्यांना निकाल तोंडावर सांगितला होता आणि त्यांनी तो समासात ‘जोर कमी’ म्हणून लिहिला होता.

ते चपला घालून गाडीतळावर धावले. अक्राकडे जाणारी प्रवासी गाडी, ट्रोट्रो, गेला होता, कागद घेऊन.

पुढचे दिवस सर्वेअरांनी स्वतःचा शिक्का खोडायला घालवले. अकादमीतल्या बाईंनी फोनवर नियम सांगितला: आधीचा निकाल चुकला असेल तर नवी तपासणी हवी, नव्या माणसाकडून, नव्या शिक्क्याने. पोस्टमास्तर म्हणाले, माझा शिक्का मारला तर पोरीला तिकीट लावावं लागेल. पाद्री म्हणाले, “मी तिचा पुन्हा बाप्तिस्मा करू शकतो, सर्वेअर. त्याहून पुढं माझा अधिकार नाही.”

शेवटी ते स्वतः अकादमीत गेले. कचेरीतल्या बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

“पेशन्स वाईट खेळते का?”

“नाही.”

“तिने नावं खोटी सांगितली का?”

“नाही, सगळी बरोबर.”

“मग, नाना?”

खिडकीतून मैदान दिसत होतं. नव्या पिवळ्या बुटांत पेशन्स धावत होती आणि कुणाचं तरी नुसतं नाव घेऊन ओरडत होती. ती इतकी खूश होती की सर्वेअरांना तिचे बूट काढून घ्यायचं धैर्य झालं नाही. ते उठले. जाताना फाटकापाशी पहारेकऱ्याने विचारलं, “काम झालं?” ते म्हणाले, “झालं. आधीच झालं होतं.”

शाळा संपली आणि एसाबा मँकेसिमला गेली. ओसरीतून मैदान दिसत राहिलं. संध्याकाळी मुली टाळ्या वाजवत, उड्या मारत आम्पे खेळायच्या आणि त्यांच्या उड्यांच्या तालावर कुणीतरी गाणं रचलं होतं:

सर्वेअर नाना, सर्वेअर नाना,
दुनिया मोजून आले;
दाराम्होरलं गटार तेवढं
मोजायाचं ऱ्हाले!

“वाईट नाही,” एफुआ म्हणाली. “ताल धरलाय पोरींनी.” सर्वेअरांनी खुर्ची आत नेली.

नाताळला पेशन्स घरी आली, उंच झालेली. तिने अंगणात येऊन उजवीकडून सुरू करत सगळ्यांना रीतसर गुड आफ्टरनून घातलं. आन्टी मॅन्सा थक्क. मग ती सर्वेअरांजवळ बसली.

“नाना, तिकडे आम्हाला मान वळवायला शिकवतात. चेंडू यायच्या आधी, इकडं एकदा, तिकडं एकदा. सकाळ-संध्याकाळ तेच. मी म्हटलं, आमच्या गावात एक पोरगी हे आईच्या पोटातून शिकून आलीय. तिला बोलवा.”

सर्वेअर पुढे वाकले. “मग?”

“त्यांनी कागद काढून बघितला.” पेशन्सने बुटाच्या टोकाने जमीन उकरली. “म्हणाले, शून्य.”

त्या आठवड्यात सर्वेअर मँकेसिमला गेले. एफुआला म्हणाले, कांदे आणतो. बाजाराच्या गर्दीत त्यांना एसाबा दिसली. टोमॅटोंनी भरलेलं पत्र्याचं घमेलं डोक्यावर, पाठ सरळ, मान खांबासारखी स्थिर. वळवली तर टोमॅटो सांडतील. ते तिच्या मागोमाग चालू लागले. काय बोलायचं ते त्यांनी गाडीत जुळवून आणलं होतं, पण बाजारात ते सापडेना. शिंप्याचं दुकान मागे पडलं, काचेचं दार असलेलं. मग कांदेवाल्या.

“गुड इव्हनिंग, नाना,” एसाबा म्हणाली. मान न वळवता. “जरा उजवीकडे सरा. मागून हातगाडी येतेय.”

ते सरले. हातगाडी घासून गेली.

“आणि तुमचा रुमाल पडलाय. लाल. शिंप्याच्या दारापाशी.”

सर्वेअर मागे वळले. रुमाल खरंच तिथे पडला होता. तो घ्यायला ते गेले, पण डोळे तिच्या पाठीवर, त्या न हललेल्या मानेवर. दोन पावलं मागे, तिसरं तिरकं, आणि त्यांचा उजवा पाय पोटरीपर्यंत उघड्या गटारात गेला.

एसाबाने घमेलं उतरवून ठेवलं, धावत येऊन त्यांना दंडाला धरून वर ओढलं. कांदेवाल्या हसल्या, मग वय बघून गप्प झाल्या. एसाबाने रुमाल उचलला, झटकला, दोन्ही हातांनी त्यांना दिला.

“लागलं का, नाना?”

“नाही.”

“पाऊल टाकायच्या आधी बघायचं असतं, नाना,” ती म्हणाली. मग आपण एका वडीलधाऱ्याला शिकवलं हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने झटकन गुडघा लववला आणि जीभ चावली.

“एसाबा,” सर्वेअर म्हणाले, “त्या दिवशी तू…”

“आई बरी आहे, नाना. पाय बरा आहे.” तिने घमेलं डोक्यावर चढवलं. “टीचरना गुड इव्हनिंग सांगा.” आणि ती गेली, माणसांमधून, हातगाड्यांमधून, कुठेही न अडखळता.

कांदे राहिलेच. गाडीतळावर उतरून सर्वेअर एक चप्पल पचपचवत घराकडे चालले. दर थोड्या पावलांनी ते हनुवटी खांद्यावर टेकवत आणि मागे पाहत, इकडून एकदा, तिकडून एकदा. मैदान रिकामं होतं.

ओसरीत एफुआ उभी होती. तिने त्यांचा पाय पाहिला, मान पाहिली, आणि न विचारता पाणी तापवायला आत गेली.